थट्टा की नक्कल? : ‘मॉक’ ह्या इंग्रजी शब्दाविषयी

मराठीत येऊन राहिलेल्या इंग्रजी शब्दांची खानेसुमारी कोणी केली, तर ‘मॉक’ ह्या शब्दाची नोंद त्याला अगदी अलीकडच्या बिऱ्हाडकरूंत करावी लागेल. ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘मास्तर’ ह्यांच्यासारखा तो जुन्या घरोब्याचा नव्हे. पण आला तो चांगला ऐसपैस बसला आहे. परीक्षेपूर्वी मुले ‘मॉक टेस्ट’ देतात. उपाहारगृहाच्या यादीत मद्यावाचून केलेल्या पेयांच्या माथ्यावर ‘मॉकटेल’ असे लिहिलेले असते. २०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेला, नागरी संरक्षणाची ‘मॉक ड्रिल’ देशात ठिकठिकाणी झाली, तेव्हा ज्यांनी जन्मात इंग्रजी पुस्तक उघडले नसेल त्यांच्याही तोंडी तो शब्द चार दिवस खेळला. ह्या सर्व ठिकाणी त्याचा अर्थ सरळ आहे : खऱ्यासारखे, पण खरे नव्हे.

आता ही ‘मॉक टेस्ट’ देऊन आलेला मुलगा संध्याकाळी इंग्रजी गोष्टीचे पुस्तक घेऊन बसतो. गोष्टीत एक तोतरा मुलगा आहे आणि वर्गातील इतर मुले त्याला ‘मॉक’ करतात. मुलगा कोश उघडतो. कोश सांगतो : थट्टा करणे, उपहास करणे, टवाळी करणे. मग सकाळी जी परीक्षा झाली तीत कोणी कोणाची टवाळी केली? प्रश्न पोराने विचारला म्हणून पोरकट ठरत नाही. खोट्या परीक्षेला आणि तोतऱ्या मुलाच्या छळाला इंग्रजीने एकच शब्द का वापरावा, ह्याचे उत्तर शोधू लागले की ह्या शब्दाचा सारा स्वभाव हाती येतो. माझे म्हणणे असे की, ह्या शब्दाचा गाभा नक्कल हा आहे. टवाळी ही त्या नकलेला लावलेली धार. ती धार कधी असते, कधी नसते. आणि ती आहे की नाही हे ठरविण्यात पुष्कळदा माणसांचे बरेवाईट होऊन जाते.

शब्द मूळचा फ्रेंच. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत उतरला. आजच्या फ्रेंचमध्येही थट्टा करण्यासाठी त्याच कुळातले क्रियापद चालते. फ्रेंचच्या मागे तो कोठून आला ह्याविषयी व्युत्पत्तिकारांत एकमत नाही, आणि आपल्याला तेथवर जाण्याचे कारणही नाही. इंग्रजीत आल्यावर शे-दीडशे वर्षांत त्याने तीन अर्थांचा संसार थाटला : हिणवणे, फसवणे आणि हुबेहूब नक्कल करणे. ह्यांपैकी फसवण्याचा अर्थ आज जवळजवळ मावळला आहे, म्हणून जुने इंग्रजी वाचताना आपण तेथे अडखळतो. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याच्या आज्ञेने झालेले बायबलाचे भाषांतर १६११ साली प्रसिद्ध झाले. त्यात शमशोनाची कथा आहे. त्याच्या बळाचे रहस्य काढून घेण्यासाठी दलीला त्याला गळ घालते. तो तिला काहीतरी खोटेच सांगून मोकळा होतो. आणि खोटे उघडकीस आल्यावर ती म्हणते, तू मला ‘मॉक’ केलेस. येथे ‘तू माझी थट्टा केलीस’ असे भाषांतर केले तर चुकणार नाही, पण नेम थोडा हुकेल. ‘तू मला बनवलेस’ हे नेमके. आपल्या ‘बनवणे’ ह्या क्रियापदातही घडविणे आणि फसविणे एकाच घरात नांदतात, हे जाता जाता ध्यानात घेण्याजोगे आहे.

शेक्सपिअरकडे आले की ह्या शब्दाचे तिन्ही अर्थ एका हातात खेळताना दिसतात. डंकन राजाचा खून करण्याचा निश्चय झाल्यावर मॅकबेथ आपल्या बायकोला सांगतो की, आपण वरकरणी गोड दिसून जगाला ‘मॉक’ करू, म्हणजे चकवू. ‘दि विंटर्स टेल’ हे त्याच्या उतारवयातील नाटक. त्याच्या शेवटच्या प्रवेशात पॉलिना राजापुढे मृत राणीचा पुतळा उघडा करते. झोप जशी मृत्यूची नक्कल करते तितकीच हुबेहूब ह्या दगडाने जिवंतपणाची नक्कल केली आहे, अशा अर्थाचे ती बोलते, आणि नक्कल ह्या ठिकाणी तिचा शब्द ‘मॉक’ हाच आहे. त्यात टवाळीचा वासही नाही. उलट कारागिराची ती परमावधीची स्तुती आहे. थोड्याच वेळात राजाला पुतळ्याच्या डोळ्यांत हालचाल भासते, आणि कलेने आपल्याला ‘मॉक’ केले की काय असे तो म्हणतो. आता अर्थ फसविण्याकडे कलला. पुतळा नसून ती खरोखरीची जिवंत राणीच उभी आहे, हे प्रेक्षकाला कळते तेव्हा कोणी कोणाची नक्कल केली हा हिशेबच उलटापालटा होतो. एकाच प्रवेशात एका शब्दाची ही दोन वळणे ज्याच्या ध्यानात येत नाहीत, त्याचा प्रवेशातला निम्मा आनंद बुडाला.

ह्याच शब्दाने संपादकांनाही एकदा घोळात घातले आहे. ‘ऑथेल्लो’ नाटकात इयागो मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणतो, आणि हा राक्षस ज्या अन्नावर जगतो त्यालाच ‘मॉक’ करतो असे सांगतो. अन्नाची टवाळी कशी करणार? अठराव्या शतकातील संपादकांनी ‘मॉक’ हा छापखान्याचा प्रमाद मानून तेथे ‘मेक’ असा पाठ सुचविला. म्हणजे मत्सर आपले अन्न आपणच निर्माण करतो. अर्थ सोयीचा झाला खरा, पण मूळ शब्द राखणाऱ्यांनी मांजराकडे बोट दाखविले. मांजर उंदीर पकडते, सोडते, पुन्हा पंजा मारते. गिळण्यापूर्वी त्याच्याशी खेळते. इयागो ऑथेल्लोशी तेच करीत असतो. मला हा दुसरा पक्ष पटतो.

आता संस्कृताकडे वळण्याचा मोह आवरत नाही, आणि येथे तो आवरूही नये. ‘विडंब्’ ह्या संस्कृत धातूचे अर्थ पाहा : अनुकरण करणे, उपहास करणे, फसवणे. ‘मॉक’चे तिन्ही अर्थ ओळीने हजर! नायिकेचे मुख चंद्राला ‘विडंबित’ करते असे संस्कृत कवी म्हणतो तेव्हा ते चंद्रासारखे दिसते, त्याच्याशी बरोबरी करते, एवढेच त्याला म्हणायचे असते. फ्रान्समार्गे इंग्लंडात गेलेला एक शब्द आणि आपल्याकडचा एक धातू, ह्यांचा एकमेकांशी काही आप्तसंबंध नसताना दोघांनी नक्कल, फसवणूक आणि उपहास ही त्रयी जमवावी, ह्याचा अर्थ ती त्रयी भाषेची नसून माणसाची आहे. नक्कल करणारा मूळ वस्तूपासून अंतरावर उभा असतो. ते अंतर लपविले की फसवणूक होते, मिरविले की उपहास होतो.

मराठीने ह्या संस्कृत शब्दाचे काय केले ते आणखी मौजेचे आहे. तिने त्याची दोन घरे केली. ‘विडंबन’ हा तत्सम शब्द वाङ्मयाकडे गेला. केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली आणि विडंबनकाव्य म्हणजे काय हे मराठी वाचकाला व्याख्येवाचून कळले. दुसरीकडे ‘विटंबना’ हे त्याच शब्दाचे लोकांच्या जिभेवर घासून झालेले रूप. त्याने हसण्याशी नाते पार तोडून टाकले. मूर्तीची विटंबना, प्रेताची विटंबना, अब्रूची विटंबना. तेथे कोणी हसत नाही. इंग्रजीत ‘मॉक’ आणि त्याचेच नाम ‘मॉकरी’ ह्यांच्यातही अशीच फारकत होत गेलेली आहे, तिच्याकडे आपण पुढे येऊ.

नकलेला धार कशी लागते हे पाहायचे असेल तर १६११ च्या त्याच बायबलातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवावेत. पहिला संदेष्टा एलियाचा. बआल देवाचे पुजारी सकाळपासून देवाला हाका मारीत आहेत आणि देव काही ओ देत नाही. दुपारी एलिया त्यांना सांगतो : अहो, जरा मोठ्याने ओरडा, तो देव आहे ना? बोलण्यात गुंतला असेल, प्रवासाला गेला असेल, कदाचित झोपला असेल, त्याला उठवावे लागेल. बायबलाचे शब्द सांगतात की एलियाने त्यांना ‘मॉक’ केले. त्याने त्यांना एकही शिवी दिलेली नाही. त्याने क्षणभर त्यांच्या भक्ताचे सोंग घेतले आणि त्यांच्याच श्रद्धेला एक पाऊल पुढे नेऊन दाखविले. ही शब्दांनी केलेली नक्कल.

दुसरा प्रसंग येशूच्या अखेरच्या दिवसाचा. शिपाई त्याच्या अंगावर किरमिजी झगा घालतात, काट्यांचा मुकुट गुंफून डोक्यावर ठेवतात, उजव्या हातात वेत देतात, पुढे गुडघे टेकतात आणि राजा म्हणून त्याचा जयजयकार करतात. झगा, मुकुट, राजदंड, मुजरा, जयघोष : राज्याभिषेकाचा एकही विधी त्यांनी वगळलेला नाही. नक्कल तपशिलात जितकी पुरी, तितकी जखम खोल. येथेही इंग्रजी शब्द ‘मॉक’ हाच आहे. ह्याला ‘थट्टा’ म्हणणे मला अपुरे वाटते. थट्टा दीर-भावजयीत होते, मेहुण्या-मेहुण्यांत होते, आणि ती झाली नाही तर लग्नघर सुने वाटते. ह्या प्रसंगाला मराठीत शब्द शोभतो तो ‘विटंबना’.

आपल्याकडे हीच गोष्ट धिंडीत दिसते. गुन्हेगाराची, किंवा गावाला नकोशा झालेल्या माणसाची, गाढवावरून धिंड निघे ती नीट पाहा. ती वरातीची शब्दशः नक्कल आहे. घोड्याच्या जागी गाढव, तेही पुष्कळदा शेपटाकडे तोंड करून. फुलांच्या जागी खेटरांची माळ. हळदकुंकवाच्या जागी काजळी. सनईचौघड्याच्या जागी फुटके डबडे. नुसते मारले असते तर माणूस चार दिवसांत बरा झाला असता. वरातीचे सोंग केल्यामुळे तो जन्माचा गावातून उठतो.

एक लहानसा निष्कर्ष येथे पदरात घेऊन पुढे जाऊ. ‘मॉक’मध्ये धार तेव्हा येते, जेव्हा ज्याची नक्कल चालली आहे तो, किंवा जिच्या निमित्ताने चालली आहे ती व्यक्ती, समोर असते आणि तिला उलट उत्तर देता येत नाही. तोतऱ्या मुलाचे हेच दुःख. त्याने उत्तर द्यायचे ते तोतरेच. म्हणजे नकलेला आणखी माल पुरवायचा. मराठीत ह्या क्रियेला नेमके क्रियापद आहे आणि ते कोशकारांनी ‘मॉक’पुढे पहिल्याने लिहावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. ते म्हणजे ‘वेडावणे’. वेडावून दाखविणारे पोर तुमचेच शब्द, तुमच्याच चालीवर, पण तोंड वाकडे करून म्हणते. नक्कल आणि हेटाळणी ह्यांचा असा एकजीव शब्द इंग्रजीलाही दुसरा सापडणे कठीण. ‘चेष्टा’ शब्दाचीही कुळकथा अशीच. संस्कृतात तो नुसती हालचाल, हावभाव सांगतो. मराठीत येईपर्यंत त्या हावभावांना कोणीतरी हसू लागले होते.

ह्याचे अगदी अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘दि सिंप्सन्स’ ह्या व्यंगचित्रमालिकेत १९९० पासून अपू नावाचा एक भारतीय दुकानदार येत असे. त्याला आवाज देणारे हँक अझारिया हे नट भारतीय नव्हेत. भारतीय उच्चारांची ती त्यांनी केलेली नक्कल होती, आणि कोट्यवधी प्रेक्षक तिला हसले. हसण्यात दुष्टावा असेलच असे नाही. पण भारतीय वंशाच्या मुलांना शाळेच्या अंगणात तोच आवाज काढून चिडविले जाऊ लागले. हरी कोंडाबोलू ह्या विनोदी कलावंताने २०१७ साली ह्या प्रकरणावर एक माहितीपट केला, आणि २०२० साली अझारियांनी हा आवाज देणे सोडले. पडद्यावर जी नुसती नक्कल होती तिला शाळेत धार आली. कारण पडद्यावर अपू होता, शाळेत एक खरे पोर एकटे उभे होते.

शेजारच्या शब्दांकडे दृष्टी टाकल्यावाचून कोणत्याही शब्दाची हद्द कळत नाही. ‘रिडिक्यूल’ लॅटिनमधील हसण्याच्या धातूवरून आला. त्यात नक्कल असण्याची गरज नाही, चारचौघांनी हसणे पुरे. ‘जीअर’ म्हणजे हुर्यो. त्याला गर्दी लागते. ‘स्नीअर’ तोंडावर असतो, जिभेवर नसला तरी चालतो. ‘टॉन्ट’ म्हणजे टोमणा. ‘सार्कॅझम’ ग्रीकमधील मांस ओरबाडण्याच्या क्रियापदावरून निघाला आहे, आणि मूळ न विसरता वागतो. ‘टीज’ मात्र वेगळा, आणि नवशिक्याने तो ‘मॉक’पासून कटाक्षाने दूर ठेवावा. ‘टीज’मध्ये माया असू शकते. आजी नातवाला ‘टीज’ करील. आजीने नातवाला ‘मॉक’ केले असे इंग्रज लिहील तेव्हा ती आजी खाष्ट आहे असे त्याला सांगायचे असते. आपली ‘थट्टा’ ह्या ‘टीज’ची सख्खी बहीण आहे. कोशाने ‘मॉक’पुढे ती प्रथम लिहिल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात.

ह्या सगळ्या कुळाची पहिली मोठी उठाठेव इंग्रजीत जॉर्ज पटनम ह्याने केली. इंग्रजी काव्यकलेवरील त्याचा ग्रंथ १५८९ साली निघाला. ग्रीक अलंकारांची अवघड नावे दरबारी मंडळींच्या तोंडी बसत ना, म्हणून त्याने त्यांना रोजच्या इंग्रजीत नावे ठेवली, आणि ती इतकी चवदार आहेत की त्यांचे मराठी करून पाहण्याचा मोह व्हावा. ‘आयरनी’ला त्याने नाव दिले ‘कोरडा मॉक’. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसण्याचा ओलावा नाही, म्हणून कोरडा. मी यंव करीन, त्यंव करीन, अशा बढाया मारणाऱ्या गुंडाला, आपल्या हातात पराक्रम आहे यात शंका नाही, असे शांतपणे सांगणे हे त्याचे उदाहरण. ‘सार्कॅझम’ला तो म्हणतो कडू टोमणा. नाक मुरडून, ओठ वाकडा करून जी हेटाळणी होते तिला त्याने एक वेगळेच ठसकेबाज नाव दिले आहे. आपल्या ‘वाकुल्या’ त्याला ठाऊक असत्या तर त्याचा शोध थांबला असता. आणि एका प्रकाराला त्याने म्हटले आहे ‘चोरून काढलेला चिमटा’. तू फासावर जाणार, असे कोणी तोंडावर म्हटले असता, महाराज विनोद करीत आहेत हे मी जाणतो, असे नम्रपणे उत्तर देणे, हा तो चिमटा. आपण ह्याला शालजोडीतला म्हणतो. चिमटा काय, शालीत गुंडाळलेला जोडा काय, दोन्ही लोकांनी वार तोच ओळखला. शस्त्र मात्र ज्याने त्याने आपल्या घरातले उचलले.

नाम म्हणून ‘मॉक’ आज एकटा फारसा चालत नाही. जुन्या इंग्रजीत चाले. त्याचा सर्वांत गाजलेला वापर ‘पाचवा हेन्री’ ह्या १५९९ च्या सुमाराच्या नाटकात आहे. तरुण इंग्रज राजा फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगतो. फ्रान्सचा युवराज उत्तरादाखल त्याला टेनिसचे चेंडू नजराणा पाठवितो. अर्थ असा की, तुझे वय खेळण्याचे, तू खेळत बैस. हेन्री आधी आभार मानतो. मग त्याच्या बोलण्यात ‘मॉक’ हा शब्द एकापाठोपाठ चार-पाच वेळा घणासारखा पडतो : ह्या एका मॉकने हजारो बायकांना त्यांच्या नवऱ्यांवाचून मॉक केले, आयांना पुत्रांवाचून, आणि किल्ले जमीनदोस्त केले, असा त्याचा आशय. पहिला मॉक चेंडूंचा, पुढचे तोफांचे. नाटकाच्या उत्तरार्धात १४१५ ची अजँकूरची लढाई होते. ह्या भाषणाचे मराठी करताना ‘थट्टा’ घातली तर दुसऱ्या ओळीतच ती दम तोडते. क्रियापदाला विध्वंसाचे ओझे पेलले पाहिजे. नाटककाराने एका शब्दाला हास्यातून युद्धात कसे लोटले, हे पाहण्यासाठी तरी हे भाषण मुळातून वाचावे.

‘मॉकरी’ची गोष्ट मघाशी राखून ठेवली होती. एखाद्या गोष्टीची ‘मॉकरी’ करणे, ह्या प्रयोगात आज हसणे शिल्लक नाही. न्यायालयाने निकाल आधीच ठरवून खटला चालविला, तर इंग्रजी वृत्तपत्र म्हणते की न्यायाची ‘मॉकरी’ झाली. न्यायाधीश आहेत, वकील आहेत, साक्षीदार आहेत, शपथा आहेत. म्हणजे न्यायाची नक्कल अगदी पुरी आहे, आणि न्याय तेवढा नाही. मराठी वृत्तपत्रे येथे ‘न्यायाची थट्टा’ असे लिहितात. चालते, पण ‘विटंबना’ अधिक बरोबर.

विशेषण झाल्यावर ह्या शब्दाची धार बहुधा बोथट होते. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजहून जहाजांतून जिवंत समुद्री कासवे लंडनला येत आणि त्यांचे सूप श्रीमंतांच्या मेजवान्यांत मिरवे. ज्यांना ते परवडत नसे त्यांनी वासराचे डोके शिजवून तसेच चिकट सूप केले आणि त्याला ‘मॉक टर्टल सूप’ म्हटले. १८६५ सालच्या ‘ॲलिस’मध्ये लुईस कॅरलने ह्या नावावरून एक प्राणीच निर्माण केला : ज्याचे ते सूप करतात तो मॉक टर्टल! चित्रकार टेनिएलने त्याला पाठ कासवाची आणि डोके, शेपूट व मागचे खूर वासराचे दिले. व्याकरणाचा असा सचित्र विनोद क्वचितच झाला असेल. सूर्याच्या दोन्ही बाजूंना हिमकणांमुळे कधी कधी जे तेजाचे ठिपके दिसतात त्यांना इंग्रज ‘मॉक सन’ म्हणतो. वराहमिहिराने त्यांनाच ‘प्रतिसूर्य’ म्हटले आहे. कासवाचा अपमान नाही, सूर्याचाही नाही.

‘मॉक-हिरॉइक’ काव्याचा प्रकार ह्याहून थोडा गुंतागुंतीचा. लॉर्ड पीटर ह्याने अरेबेला फर्मर हिच्या केसांची एक बट कापली, दोन घराण्यांत वितुष्ट आले, आणि त्यावर पोपने महाकाव्याच्या थाटाचे काव्य रचले. १७१२ साली, आणि वाढवून १७१४ साली. नक्कल येथे होमरची, पण हसायचे ते होमरला नाही. एका बटेसाठी ट्रॉयचे युद्ध मांडणाऱ्या शौकीन मंडळींना. नक्कल एकाची आणि थट्टा दुसऱ्याची, अशी ही वाटणी. ‘झेंडूची फुले’ वाचताना मात्र ज्या कवींची नक्कल आहे तेच थट्टेचे धनी असतात.

मराठीत ह्या विशेषणासाठी दोन चांगले शब्द आहेत. खेळकर प्रसंगी ‘लुटुपुटूचा’ : लुटुपुटूची लढाई, लुटुपुटूचा संसार. गंभीर प्रसंगी ‘अभिरूप’ : अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद. दुसऱ्याने मोठाच प्रवास केला आहे. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार हाच शब्द जाणत्या, विद्वान प्रेक्षकांसाठी वापरतो. निवडणुकीत मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष यंत्रावर किमान ५० मते नोंदवून पाहतात, त्याला ‘अभिरूप मतदान’ म्हणतात. ती मते मग यंत्रातून पुसून टाकायची असतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करायच्या असतात. पुसायची राहिली तर नक्कल खऱ्यात मिसळली. ज्या कर्मचाऱ्याला हे काम असते त्याला ह्या विशेषणाचा अर्थ आपल्यापेक्षा अधिक चांगला कळत असावा.

आता राहिला तो पक्षी. ‘मॉकिंगबर्ड’ उत्तर अमेरिकेतला. आपल्या सह्याद्रीतला भृंगराज जसा इतर पाखरांचे आवाज काढतो तसा तोही काढतो. हार्पर ली ह्यांच्या १९६० च्या कादंबरीने त्याला जगभर नेले. नावात ‘मॉक’ आहे, पण पक्षी कोणाला हिणवीत नाही. तो नुसता गातो, आणि म्हणून त्याला मारणे पाप, ही कादंबरीची धारणा. मात्र त्याच कादंबरीत हा शब्द धारेसह एकदा येतो, आणि तो प्रसंग मला साऱ्या पुस्तकात अधिक बोलका वाटतो. अलाबामा राज्यातील एका गावी १९३० च्या दशकात टॉम रॉबिन्सन ह्या कृष्णवर्णी माणसावर बलात्काराचा खोटा आळ आलेला आहे. फिर्यादी मायेला युएल ही एकोणीस वर्षांची, उकिरड्याशेजारी राहणारी, गरीब गोरी मुलगी. आरोपीचा वकील ॲटिकस फिंच तिला उलटतपासणीत ‘मॅम’ आणि ‘मिस मायेला’ असे संबोधतो. ती बिथरते. हा मला ‘मॉक’ करतो आहे, असेच चालले तर मी उत्तर देणार नाही, म्हणते. न्यायाधीशाला तिला समजवावे लागते की ह्या गृहस्थांची रीतच ही. ते सर्वांशी असेच अदबीने बोलतात. उभ्या जन्मात तिला कोणी अशा शब्दांनी हाक मारलेली नाही. म्हणून आदर तिला आदराची नक्कल वाटतो. धार वक्त्याने लावलेली नव्हती. तिच्या कानाने लावली. आणि हे घडते ते एका माणसाच्या जिवाचा प्रश्न असलेल्या खटल्यात, जेथे न्यायाचीच विटंबना होणार आहे.

मराठी वाचकाला मायेलाचा संशय सहज समजावा. ‘या, राव, या!’, ‘आपण तर बोलूच नका’, ‘साहेबांना वेळ झाला का?’ अशी वाक्ये आपण आदरार्थी बहुवचनातच म्हणतो आणि ऐकणारा त्यातला जोडा बरोबर ओळखतो. इंग्रजीला ‘तू’ आणि ‘आपण’ ह्यांचा खेळ खेळता येत नाही. त्यामुळे तेथे सारा भार ‘सर’ आणि ‘मॅम’ ह्या दोन शब्दांवर पडतो. ह्या प्रसंगाचे मराठी करणाऱ्याने वकिलाच्या तोंडी ‘बाईसाहेब’ घालू नये; तो शब्द आपल्याकडे आधीच निम्मा टोमणा झालेला आहे, आणि मायेलाचा संशय मग खराच ठरेल. साधे ‘बाई’ आणि ‘आपण’ पुरेत. आणि मायेलाच्या तोंडी ‘उपहास’ नको, ‘विडंबन’ तर नकोच. हे शब्द तिच्या उकिरड्यापर्यंत कधी पोचलेले नाहीत. मी तेथे ‘टिंगल’ लिहीन : हा माझी टिंगल करतोय.